पाडीसाठी सुती म्होरकी घेतली, कशी निघाली सांगतो

आमचा पुतण्या आठवीत आहे, यंदा त्याला पशुप्रदर्शनात पाडी उतरवायचीच आहे, दुसरं काय बोलतच नाय. पाडी घरचीच, कोकण कपिला. आपल्या गावठी गुरांची ह्या नावाने कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे (देशी जनावरांच्या जाती नोंदवणारी सरकारी संस्था) स्वतंत्र जात म्हणून नोंद झालीय, तरी शेजारी विचारतात की जर्सी सोडून ही काय नेताय.

तर म्होरकी, म्हणजे जनावराला धरून चालवायला त्याच्या तोंडाभोवती बांधतात तो दोर. कुडाळच्या आठवडा बाजारात हाताने वळलेली सुती घेतली, दीडशे रुपये. नायलॉनची स्वस्त होती पण पाडीने हिसका मारला की पोराच्या तळव्याची सालटी निघतात, आणि काथ्याची तिच्या नाकाडावर घासते. ही मऊ आहे, गाठ सरकवून लहानमोठी होते, आत दोन बोटं जातील एवढी सैल ठेवायची आणि पुढचा पट्टा डोळ्यांच्या जरा खाली, हाडावर येऊ द्यायचा, नाकपुड्यांजवळच्या मऊ भागावर आला तर जनावराचा श्वास कोंडतो मग ते डोकं उडवणारच. पहिले थोडे दिवस नुसती घालून बांधून ठेवली, मग अंगणात फिरवायला सुरुवात. पुतण्या डाव्या अंगाला चालतो, तिने पाऊल टाकलं की लगेच दोर ढिला सोडतो, हे त्याला आजोबांनी शिकवलं आणि खरं सांगायचं तर अर्धं काम त्यानेच झालं. आता ती चार पाय नीट टाकून उभी राहते. परीक्षक चाल, पाय, पाठ बघणार, झूल आणि गोंडे नाय बघत, त्यामुळे तो खर्च वाचवा, एक चांगला खरारा (जनावराचं अंग घासायचा ब्रश) घ्या त्यापेक्षा.

आता वाईट बाजू. हनुवटीखालची कडी लोखंडी आहे. आमच्याकडे खारा वारा, पहिल्या पावसातच गंजली आणि पाडीच्या गळ्याखाली तांबडा डाग पडला, घासून घासून गेला एकदाचा. दोर पण भिजला की फुगतो, गाठ सुटता सुटत नाय, आणि दमट ठेवलात तर बुरशी. चुलीवर टांगून ठेवतो आम्ही.

बाकी कानातला 12 अंकी ओळखीचा बिल्ला आणि लाळ्या-खुरकूत, लम्पीच्या लसीचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, आदल्या दिवशी धावपळ नको.

दुकानदार पितळेची कडी लावून देत असेल तर घ्या, वीस-तीस रुपये जास्त गेले तरी चालतील. लोखंडीच आहे म्हणाला तर पुढच्या दुकानात बघा.