मॉडिफाइड गाडी विकताना: आहे तशी द्यावी की स्टॉक करून?

घरात बाळ येणार, चाइल्ड सीट लागणार आणि दारात उभी आहे उंची खाली केलेली, रीमॅप मारलेली (म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. विकायचं ठरलं असेल, तर साताऱ्यात किंवा सांगलीत दोन वाटा आहेत: गाडी आहे तशी द्यायची, नाहीतर कंपनीच्या अवस्थेत आणून पार्ट वेगळे विकायचे. कोणती वाट धरायची ते बरंचसं माळ्यावरच्या खोक्यांवर ठरतं. मूळ शॉकअप, स्प्रिंगा, सायलेन्सर आणि चाकं जपून ठेवली असतील तर स्टॉक करणं, म्हणजे कंपनीच्या अवस्थेत आणणंच फायद्याचं.

आहे तशी देण्यात गॅरेजचा खर्च नाही, पण गिऱ्हाईक मोजकं. इथला घेणारा गाडी स्पीडब्रेकरला घासते का आणि ॲव्हरेज किती, हे आधी विचारतो. कॉइलओव्हरचे (उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचे) जादा पैसे तो देत नाही, उलट कापतो. जाणकार गिऱ्हाईक जास्त करून पुण्यात मिळतं. साताऱ्याहून ११० किलोमीटर, म्हणजे सकाळी गाडी दाखवून दुपारी परत. सांगलीहून मात्र अख्खा दिवस जातो. हा जाणकार रीमॅप कोणी केला, बिलं कुठे, क्लच कधी बदलला हे विचारणारच. १.२ जीटी टीएसआयमधल्या ड्राय क्लचच्या डीक्यू२०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) झेलण्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे आणि रीमॅपने टॉर्क वाढतो, त्यामुळे त्याची शंका रास्त असते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचनेत मनाजोगा बदल चालत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ही जोखीम गिऱ्हाईक किमतीतून वळती करतं.

स्टॉक करताना क्रम चुकला की काम दुप्पट होतं. मोठे ब्रेक बसवले असतील तर आधी मूळ कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) आणि डिस्क परत घाला, कारण मोठ्या कॅलिपरवर मूळ चाकं बऱ्याचदा बसतच नाहीत. स्पेसर (चाक बाहेर काढायला मागे घातलेल्या चकत्या) काढले की त्यांचे लांब बोल्टही काढा. तेच बोल्ट मूळ चाकाला लावले तर मागच्या ड्रममध्ये शिरून ब्रेकशूच्या यंत्रणेला घासतात. मूळ मापाचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला कसा. शॉकअप बदलताना बंपस्टॉप आणि टॉप माउंटची रबरं तडकलेली असली तर नवी टाका. नंतर अलायमेंट आणि हेडलाइटचा रोख दोन्ही बघा; गाडीची उंची बदलली की रोखही बदलतो.

डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्टचा पहिला पाइप) बदललेला असेल तर आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाला मूळ पाइप, मगच स्टॉक मॅप (कंपनीचं मूळ इंजिन सॉफ्टवेअर). उलटं केलं तर मागच्या ऑक्सिजन सेन्सरमुळे पी०४२० हा कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा एरर कोड येतो आणि इंजिन लाइट लागते. मॅप टाकल्यावर काही दिवस गावात आणि हायवेला गाडी चालवा, तोवर स्कॅनरवर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसतात. आधीचा रीमॅप लपवू नका. फोक्सवॅगनच्या ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) फ्लॅशची, म्हणजे सॉफ्टवेअर बदलल्याची नोंद राहते, आणि ती गिऱ्हाइकाने शोधून काढली की सौदा तिथेच मोडतो.

सुट्या पार्टमध्ये अलॉय आणि कॉइलओव्हर लवकर जातात. एक्झॉस्टला त्याच मॉडेलचं गिऱ्हाईक शोधावं लागतं. रीमॅपचे पैसे मात्र गेले असंच धरा. मूळ पार्टच हरवले असतील तर जुन्या बाजारातून एकेक गोळा करण्यात पैसा घालू नका. बिलांची फाइल घेऊन सरळ पुण्याचं गिऱ्हाईक गाठा.

कुठल्याही वाटेने गेलात तरी मालकी बदलायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० लागतात, कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. आरसीवर घेणाऱ्याचं नाव चढेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणून तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी पावती सही करून घ्या आणि फास्टॅग बंद करा. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्रही मागा: ते तीन वर्षं चालतं आणि नव्या फॅमिली गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळवून देतं.