झुल्याची छावणी : 1868 सालचे एक कोरीव चित्र

मुंबईत जुनी छापील चित्रे विकणाऱ्या एका दुकानातून मी ब्रिटिशांच्या ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेतील छावणीचे एक चित्र विकत घेतले. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाच्या 1868 सालच्या अंकातून कापून काढलेले हे अस्सल पान आहे. चित्र अतिशय मोलाचे आहे. ते ज्या रूपात विकले जाते त्याविषयी मात्र मला तक्रार आहे.

चित्रात आजच्या एरिट्रियाच्या किनाऱ्यावरील झुला येथील तळ दिसतो. तेथील सम्राट तेवोद्रोसने मगदला या डोंगरी किल्ल्यात कैदेत ठेवलेल्या ब्रिटिश दूताला आणि इतर युरोपियनांना सोडवण्यासाठी निघालेल्या या मोहिमेचे नेतृत्व मुंबई लष्कराचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर याच्याकडे होते आणि तिची बहुतेक जुळवाजुळव मुंबई बंदरातूनच झाली. सुमारे 13,000 सैनिकांबरोबर त्यांच्या जवळपास दुप्पट नोकरचाकर, हजारो खेचरे, उंट, बैल आणि अवजड तोफा वाहण्यासाठी 44 हत्ती असा हा लवाजमा होता. झुल्याला गोडे पाणी जवळजवळ नव्हते. जहाजांवर समुद्राचे पाणी उकळून त्याची वाफ थंड करावी लागे, आणि तरीही सुरुवातीच्या काळात तहानेने व रोगाने असंख्य जनावरे दगावली.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून चित्र पाहिले की नजर अधिकाऱ्यांच्या तंबूंवर फार वेळ ठरत नाही. रेताड सपाटीवर ओळीने उभ्या राहुट्या आणि मागे जहाजांच्या डोलकाठ्या हे सर्व नेटके आहे, परंतु खरा जीव आहे तो खाली, ओझी उतरवणाऱ्या आणि जनावरे सांभाळणाऱ्या माणसांत. भिस्ती, हमाल, मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे), स्वयंपाकी यांची नावे लष्करी इतिहासात क्वचितच येतात, आणि त्यांच्यातील कितीतरी जण आपल्याच बंदरातून जहाजावर चढले होते. एवढ्या एका कारणासाठीही हे चित्र मराठी घरात असावे असे मला मनापासून वाटते.

आता छपाईविषयी. असे चित्र शिसमासारख्या कठीण बॉक्सवुड लाकडाच्या आडव्या कापावर कोरले जाई, आणि त्या झाडाचे खोड बारीक असल्यामुळे मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे मागून बोल्टने जोडावे लागत. तुकडे सुटे करून निरनिराळ्या कारागिरांनी एकाच वेळी कोरले, की बातमीचे चित्र लवकर हाती येई. त्या सांध्यांच्या केसाएवढ्या पांढऱ्या रेषा माझ्या प्रतीत आकाशाच्या भागात स्पष्ट दिसतात. तो दोष समजू नये. उलट त्या रेषांवरून चित्र कसे घडले हे कळते. राहुट्यांच्या छायेतील समांतर रेघा भिंगाखाली पाहण्यासारख्या आहेत.

तक्रार रंगांची आहे. हे साप्ताहिक अशी चित्रे काळ्या शाईत छापत असे; माझ्या प्रतीवर कुणीतरी फार नंतर जलरंग चढवला आहे, आणि पिवळसर वाळूच्या एका सरसकट हातामुळे खालच्या माणसांच्या चेहऱ्यांवरील नाजूक कोरीवकाम बुजले आहे. दुकानाच्या चिठ्ठीवर ‘मूळ रंगीत’ असे लिहिले होते, आणि ते सरळसरळ चुकीचे आहे. शिवाय माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, इतका आत कापला होता की खालची शीर्षकाची ओळ पूर्ण झाकली गेली होती, आणि चित्र मागच्या पुठ्ठ्याला चिकटपट्टीने पक्के केले होते. या पट्टीतील डिंक कालांतराने कागदात उतरून तपकिरी डाग पाडतो. दुकानदाराने माझ्या विनंतीवरून माउंट बदलून दिला, आणि पट्टीही काळजीपूर्वक काढून दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

घेणाऱ्याने फ्रेम उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. मागच्या बाजूला त्याच काळातील इंग्रजी मजकूर छापलेला असेल, तर पान अंकातले असल्याची ती चांगली खूण असते. आधुनिक प्रतिकृतीत भिंगाखाली रंगांचे ठिपके दिसतात. रंगीत आणि बिनरंगी अशा दोन प्रती समोर असतील, तर बिनरंगीच निवडावी, मग ती थोडी डागाळलेली का असेना.