आकाशकंदिलात डब्ल्यूएलईडी: सॉफ्टवेअर पास, वायर नापास

पांढऱ्या कागदाचा षट्कोनी कंदील, त्याच्या पोटात शंभरेक डिजिटल एलईडी (म्हणजे प्रत्येकाचा रंग वेगळा ठरवता येणारे, यांनाच पिक्सेल म्हणतात), ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा बोर्ड आणि त्यावर चालणारं डब्ल्यूएलईडी हे फुकट, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. एवढ्या सामानावर आकाशकंदील सूर्यास्ताला आपोआप लागतो, लक्ष्मीपूजनाला पणतीसारखा तेवतो आणि मुलांनी हट्ट केला तर भाऊबीजेला इंद्रधनुष्यही होतो. ख्रिश्चन श्विने यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आता जगभरचे हौशी लोक मिळून वाढवतात. मोबाइलवर कुठलं खातं उघडावं लागत नाही, वर्गणी नाही, जाहिराती नाहीत. घरातल्या वायफायवर ब्राउझरमधून सगळं चालतं. बाजारात रिमोट आणि ॲपसकट मिळणाऱ्या तयार माळांची ॲप कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असतील, तर सर्व्हर बंद पडला की माळही मुकी होते. इथे ती भीती नाही.

सॉफ्टवेअरला दहापैकी नऊ द्यायला हरकत नाही. पण अशा कंदिलांचं बिनसतं ते वायर, सप्लाय आणि कागद या तीन ठिकाणी, म्हणून या परीक्षणात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

आधी कागद. लाल-पिवळ्या-निळ्या पतंगी कागदाचा कंदील साध्या बल्बवर छान दिसतो, कारण तिथे रंग कागदाचा असतो. पिक्सेलमध्ये रंग प्रकाशाचा असतो. पिवळ्या कागदामागे निळा प्रकाश लावला की तो भाग मळकट, जवळजवळ विझल्यासारखा दिसतो. त्यामुळे या प्रयोगासाठी कंदील पांढराच घ्यावा, फार तर फिकट मोतिया. रंगीत हौस झिरमिळ्यांवर भागवावी. आकारही बघावा. ४५ सेंमीच्या षट्कोनी कंदिलात, एलईडीची पट्टी ज्या नळीवर चिकटवायची त्या मधल्या नळीपासून कागद १८ ते २० सेंमीवर येतो आणि तेवढ्या अंतरात ठिपके एकमेकांत मिसळून जातात. चांदणीत तसं होत नाही. मधोमध लख्ख उजेड आणि पाचही टोकं अंधारात. चांदणीच हवी असेल तर पट्टीऐवजी १२ मिमीच्या गोळ्यांची पिक्सेल माळ घ्यावी आणि प्रत्येक टोकात दोन-तीन गोळ्या सोडाव्यात.

आता पट्टी. डब्ल्यूएस२८१२बी या जातीच्या डिजिटल एलईडींची, ५ व्होल्ट, मीटरला ६० एलईडी, सिलिकॉनचं आवरण नसलेली. आवरणाची पट्टी पावसाला बरी, पण कंदिलात ती वाकवायला अवघड जाते आणि सोल्डर करताना दर वेळी सोलत बसावं लागतं. छपराखालच्या गॅलरीत कंदील टांगणार असाल तर साधीच पुरे. पट्टी नळीभोवती मळसूत्रासारखी गुंडाळण्याचा मोह होतो. पण २५ मिमीच्या पीव्हीसी नळीचा घेर ७८.५ मिमी, आणि एलईडींमधलं अंतर १६.७ मिमी. म्हणजे एका वेढ्यात पावणेपाच एलईडी बसतात, दर वेढ्याला रांग सरकते आणि वर चढणारी ज्वाळा तिरकी फिरत जाते. त्यापेक्षा ३० सेंमीचे सहा तुकडे कापून नळीवर उभे चिकटवावेत. तुकड्यात १८, एकूण १०८ एलईडी. कापायचं ते तांब्याच्या ठिपक्यांवरच्या रेघेवर. पट्टीवरचे बाण पाहून पहिला तुकडा वरून खाली, दुसरा खालून वर, असे नागमोडी लावावेत. बाण उलटा लागला की त्या तुकड्यापासून पुढचं सगळं बंद राहतं. पट्टी खराब निघाल्याच्या बऱ्याच तक्रारींमागे हा उलटा बाणच असतो.

नागमोडी फक्त डेटाची तार जाते: खालच्या टोकाला तीन उड्या, वरच्या टोकाला दोन. प्लस-मायनस मात्र साखळीने नेऊ नये. सहाही तुकड्यांचे प्लस नळीच्या वरच्या टोकाला एकत्र आणावेत, मायनसही तसेच. साखळीने नेलं तर शेवटच्या तुकड्यापर्यंत व्होल्टेज घसरतं. निळ्या एलईडीला लाल एलईडीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आधी निळा मंदावतो आणि पांढरा रंग पिवळट, मग तांबूस दिसू लागतो. शेवटचा तुकडा असा आजारी दिसला की रंगाच्या सेटिंगमध्ये शोधू नका, तारा बघा.

किती करंट लागतो? एका एलईडीला पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअर धरतात, म्हणजे १०८ एलईडींना साडेसहा अँपिअर. पण दिवाळीच्या कंदिलाला पूर्ण पांढरा कशाला हवा? पणतीचा रंग घ्या: लाल २५५, हिरवा १४७, निळा ४१. या रंगाला एलईडीमागे सुमारे ३५ मिलिअँपिअर पुरतात आणि ब्राइटनेस २५५ पैकी १०० ठेवला की बोर्ड धरून सगळा कंदील दीड ते पावणेदोन अँपिअरमध्ये भागतो. आठ-नऊ वॉट. पूर्वी कागदी कंदिलात ४० किंवा ६० वॉटचा पिवळा बल्ब लावायचे आणि कागद करपायचा, तो धोका इथे नाही. सप्लाय म्हणून ५ व्होल्ट, ४ अँपिअरचा बंद डबीतला ॲडॅप्टर घ्यावा. जाळीच्या पत्र्यातला उघड्या स्क्रूंचा सप्लाय (एसएमपीएस) स्वस्त पडतो, पण त्याच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट उघडे असतात आणि सणात गॅलरीत लहान मुलं असतात. मोठ्या मखराला तो लागतोच, एका कंदिलाला नको. आणि कंदिलात आधीपासून बल्बचा होल्डर असेल तर ॲडॅप्टर त्यात लटकवून कागदाच्या आत ढकलू नये. ॲडॅप्टर घरात, कंदिलाकडे फक्त ५ व्होल्ट.

शीर्षकातली नापास वायर म्हणजे ही, ॲडॅप्टरपासून कंदिलापर्यंतची. बहुतेक लोक हाताशी असलेली बारीक वायर जोडतात. हिशोब करू: ०.५ चौरस मिमीच्या तांब्याचा रोध मीटरला सुमारे ०.०३७ ओहम. कंदील पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.३७ ओहम. तीन अँपिअरला १.१ व्होल्ट वायरमध्येच गेले, कंदिलाला उरले ३.९. मग कधी पिक्सेल बावचळतात, कधी बोर्ड रीस्टार्ट होतो आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. १.५ चौरस मिमीची वायर घेतली तर तेवढ्याच करंटला एक तृतीयांश व्होल्टच्या आसपास घट होते, ती चालते. मुंबईत लोहार चाळीत किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास ही वायर मीटरवर मिळते. बोर्ड, रोधक, कपॅसिटर घ्यायला मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच.

बोर्ड कंदिलातच, नळीच्या वरच्या टोकाला बसवावा, म्हणजे डेटाची तार दहा-पंधरा सेंमीतच आटोपते. त्या तारेत पट्टीच्या तोंडाशी ३३० ओहमचा रोधक. प्लस-मायनसवर १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कपॅसिटर. पांढऱ्या पट्ट्याची बाजू मायनसला, उलटा लागला तर फुगतो. बोर्डाचा ग्राउंड (म्हणजे मायनस) आणि पट्टीचा मायनस एकत्र जोडलेच पाहिजेत. ते राहिलं तर कंदील अंगात आल्यासारखा लुकलुकतो.

एक बारीक अडचण राहते. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा आणि डब्ल्यूएस२८१२बीला पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. आखूड तारेवर बहुधा निभावतं, पण ‘बहुधा’वर लक्ष्मीपूजन सोडू नये. सिग्नल ५ व्होल्टपर्यंत वाढवणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप लावणं हा शिस्तीचा उपाय. जुगाडही चांगला आहे: एक सुटा एलईडी कापून घ्यायचा, त्याच्या प्लसमध्ये १एन४००७ डायोड टाकायचा आणि बोर्डाचा डेटा त्यातून पुढे न्यायचा. डायोडमुळे त्या एलईडीला ४.३ व्होल्टच मिळतात, त्याच्या ७० टक्के होतात ३ व्होल्ट, म्हणजे बोर्डाचा सिग्नल त्याला नीट समजतो आणि तो पुढच्यांना मोठ्या आवाजात सांगतो. डब्ल्यूएलईडीच्या सेटिंगमध्ये असा पहिला एलईडी वगळायची सोय मुद्दाम ठेवली आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी स्वतः सोल्डरिंग केलेलं आहे हे अशा ठिकाणी कळतं.

सॉफ्टवेअर चढवणं दहा मिनिटांचं काम. कॉम्प्युटरवर क्रोम किंवा एजमध्ये इन्स्टॉल डॉट डब्ल्यूएलईडी डॉट मी उघडायचं, बोर्ड यूएसबीला लावायचा, पोर्ट निवडायचा, इन्स्टॉल. यादीत पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदला. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. ‘कनेक्टिंग’वर अडकलं तर बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा. नंतर मोबाइलवर ‘डब्ल्यूएलईडी-एपी’ नावाचं वायफाय दिसेल, पासवर्ड ‘डब्ल्यूएलईडी१२३४’, सगळी अक्षरं इंग्रजी आणि लहान लिपीत. मोबाइल डेटा तेवढ्यापुरता बंद ठेवा, नाहीतर इंटरनेट नाही म्हणून फोन गुपचूप ते वायफाय सोडून देतो. ब्राउझरमध्ये पत्ता ४.३.२.१ टाकून घरच्या वायफायचं नाव द्या. राउटरची २.४ गिगाहर्ट्‌झची बाजूच चालते, ५ गिगाहर्ट्‌झ या बोर्डाला दिसत नाही.

मग सेटिंगमधलं ‘एलईडी प्रेफरन्सेस’ हे पान. इथे एलईडींची मूळ संख्या ३० असते, म्हणून पहिल्यांदा कंदील पावच पेटतो आणि पट्टी जळाली असं वाटून लोक घाबरतात. १०८ टाका. रंगांचा मूळ क्रम जीआरबी (हिरवा-लाल-निळा) असतो, लाल निवडल्यावर हिरवा आला तर तो आरजीबी करा. कमाल करंट ३००० मिलिअँपिअर द्या. कोणी हौसेनं पूर्ण पांढरा लावला तरी सॉफ्टवेअर उजेड आपोआप कमी करतं. ही सोय प्रत्येक तयार माळेत असायला हवी होती. टूडी सेटिंगमध्ये रुंदी ६, उंची १८, उभी आणि नागमोडी मांडणी निवडली की सहा पट्ट्यांचा एक पडदा तयार होतो.

इफेक्ट शंभराहून जास्त आहेत, त्यांतले बरेचसे पबच्या कामाचे. कंदिलाला शोभतात ते तीन-चार. ‘कँडल’ सर्वांत चांगला: वर दिलेला पणतीचा रंग, इंटेन्सिटी १०० च्या खाली. ती वाढवली की ज्योत खोल दबते आणि ट्यूबलाइटचा स्टार्टर गेल्यासारखं वाटतं. नीट जमल्यावर कागदावर जे दिसतं ते असं: उजेड हलतो हे चटकन लक्षात येत नाही, पण झिरमिळ्यांच्या सावल्या भिंतीवर श्वास घेतल्यासारख्या थोड्या मोठ्या-लहान होत राहतात. ‘फायर २०१२’ उभ्या पट्ट्यांवर खरंच जाळासारखा चढतो. वरून खाली पेटत असेल तर सेगमेंटमध्ये (पट्टीच्या भागाच्या सेटिंगमध्ये) उलट दिशेवर टिक करा. ‘ट्विंकलफॉक्स’ मंद वेगात चांदण्यांसारखा. ‘रेनबो’ पाच मिनिटं बरा वाटतो.

वेळेसाठी टाइम सेटिंगमध्ये भारतीय वेळ निवडून गावाचे अक्षांश-रेखांश भरायचे, मग सूर्यास्ताला कुठला प्रीसेट (जतन करून ठेवलेला रंग आणि इफेक्ट) लागावा ते सांगता येतं. इथे एक खोच आहे. बोर्डावर बॅटरीचं घड्याळ नाही, वेळ इंटरनेटवरून येते. वीज जाऊन आली आणि राउटर अजून उठायचा असेल तर तोवर कंदिलाला वेळ ठाऊक नसते. शिवाय वीज आल्यावर तो मूळच्या सरसकट नारिंगी रंगात लागतो. म्हणून बोर्ड सुरू होताना (बूटला) लागणारा प्रीसेट आठवणीनं पणतीचाच ठेवावा.

आवाजावर नाचणाऱ्या सोयीसाठी ईएसपी३२ ला आयएनएमपी४४१ हा छोटा माइक जोडावा लागतो. गणपतीत आरतीच्या झांजांवर तो मस्त चालतो. दिवाळीत बंद ठेवा. खाली कोणी सुतळी बॉम्ब लावला की वरचा कंदील दचकतो.

एकाच घरात दोन-तीन कंदील असतील तर सिंकची सोय चोख आहे, एकाचा रंग बदलला की बाकीचे मागे येतात. अख्ख्या सोसायटीच्या गॅलऱ्या एका तालात आणण्याची कल्पना मात्र फसते, कारण प्रत्येक घराचं वायफाय वेगळं. सगळ्यांनी तोच प्रीसेट त्याच वेळेला लावायचा, इतपत जमतं.

खर्च दुकानागणिक बदलतो, तरी कंदील सोडून साधारण दीड ते दोन हजार रुपये धरावेत. सोल्डरिंग येत नसेल आणि शिकायचीही इच्छा नसेल, तर हे सामान घेऊ नये. पाण्याच्या थेंबाएवढ्या ठिपक्यांवर वीसहून जास्त टाके घालायचे असतात आणि एक सैल राहिला तरी पुढचा कंदील काळोखात. येत असेल तर पट्टीचं अर्धं मीटर जास्त आणा. एखादा एलईडी मेला की डेटा तिथेच थांबतो. तेवढाच कापून नवा जोडायचा. तुळशीचं लग्न झालं की कागद काढून टाका, नळी तशीच वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा. पट्टी घडी घालून ठेवली तर सोल्डर तडकतो.