हॅवलॉकचं रिसॉर्ट: सहा महिन्यांनी लिहितोय

जानेवारीत अंदमानला जाऊन आलो. तेव्हाच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. पण एका रात्रीचे पैसे अडकले होते, म्हणून मुद्दाम थांबलो. आता जुलै आहे, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट झालं हे रोज विचारायचे दिवस, आणि मला सांगायचं आहे तेही पाण्याबद्दलच.

रिसॉर्ट स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, विजयनगरच्या किनाऱ्याला. शेजारच्या वस्त्या गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली ही गावं. नावं ऐकूनच आई म्हणाली, "अरे, हे तर आपल्या कृष्णाकाठासारखंच की."

कॉटेज देखणं, पडौकच्या लाकडाचा भक्कम पलंग, स्वच्छता चोख. त्यावर जास्त लिहीत नाही, फोटोत दिसतं तसंच आहे.

फोटोत दिसत नाही ती ओहोटी. आम्ही गेलो ऐन पौर्णिमेला. दुपारी तीनच्या सुमाराला समुद्र इतका मागे गेला की पोटरीभर पाण्यात कितीही चाललं तरी पोहण्याजोगी खोली येईना, आणि पायाखाली सगळे खडक अन् मेलेलं प्रवाळ. बायकोचा तळवा कापला. जाहिरातीतले सगळे फोटो भरतीच्या वेळचे. पंचेचाळीस फुटांची धोक्याची पातळी पाठ असलेला मी सांगलीकर, आणि बुकिंग करताना तिथी बघायचं सुचलं नाही याची चुटपुट अजून आहे. पोहायला पश्चिमेच्या राधानगरला गेलो. तिथली वाळू मऊ, उतार सौम्य. खास पोहण्यासाठी जाणार असाल तर ते अंतर हिशेबात धरा.

दुसरी गोष्ट घड्याळाची. घड्याळ आपलंच, पण अंदमान पूर्वेला जवळजवळ अठरा अंश, त्यामुळे सूर्य सांगलीपेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतोही. संध्याकाळी साडेपाचला अंधारायला लागतं. नाश्ता मात्र साडेसातला, म्हणजे सकाळ हातची गेल्यावर. आम्ही विनंती केली तेव्हा स्वयंपाकघरातून रोज पाचला चहा यायला लागला. ही मंडळी खरंच मनापासून करतात.

त्या चहाबरोबर आई पायरीवर बसायची, मांडीवर भडंगाचा डबा. एका पहाटे तिने देवघरासाठी म्हणून एक शंख उचलला. चहा आणणारा मुलगा हळूच म्हणाला, "माँजी, रख दीजिए, अंदर कोई है." आईने तो वाळूवर ठेवला. थोडा वेळ काहीच नाही. मग कडेने दोन बारीक लालसर पाय बाहेर आले आणि शंख तिरका तिरका चालत सुटला. आईने हात जोडले. रिकामा असला तरी उचलू नका. शंख-प्रवाळ तिथून आणायला बंदी आहे, विमानतळावर सामानातून काढून घेतात.

आता पैशांचं. वाऱ्यामुळे पहिल्या दिवशीची हॅवलॉकच्या बोटीची फेरी रद्द झाली, म्हणून चारातली एक रात्र आम्ही श्री विजयपुरमला, म्हणजे पोर्ट ब्लेअरला काढली. ज्यांच्यामार्फत बुकिंग केलं होतं ते म्हणाले, "तुम्ही आला नाहीत, परतावा नाही." फेरी रद्द झाल्याचा मेसेज मी जपून ठेवला होता, आणि रिसॉर्टच्या मॅनेजरने आमच्या बाजूने पत्र दिलं. तरी पैसे जमा व्हायला चौथा महिना उजाडला. तो मेसेज पुसू नका, आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

पुन्हा जाणार का? हो, फेब्रुवारीत, त्याच कॉटेजमध्ये. या वेळी कालनिर्णय समोर ठेवून अष्टमीच्या आगेमागे तारखा घेतल्या आहेत. तेव्हा भांगाची, म्हणजे छोटी भरती असते, पाणी तेवढं मागे हटत नाही. पाचचा चहा आधीच सांगून ठेवलाय.