हातातली स्क्रीन, डोक्यावरचं हेल्मेट की ऑटो काच?

दसरा जवळ आला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या केजच्या रस्त्याला टायरगाड्यांची, म्हणजे टायर लावलेल्या बैलगाड्यांची, रांग लागते. ऊसतोडीला निघायच्या आत कुणाची दांडी जोडायची असते, कुणाच्या गाडीखालचा चॅनेल चिरलेला असतो. एका गाडीला सलग वेल्डिंग दोन-तीन ठिकाणीच लागते, बाकी सगळे टाके. अँगल धरायचा, गुण्या लावायचा, टाका मारायचा, वाकडं झालं की फोडून परत मारायचा.

याच हंगामात भाच्याचा फोन आला. आयटीआयला वेल्डर ट्रेड करून तो आता स्वतःचं वर्कशॉप टाकतोय. "मामा, वेल्डिंगला डोळे झाकायला स्क्रीन घेऊ, हेल्मेट घेऊ, का ती आपोआप काळी होणारी काच घेऊ?" फोनवर उत्तर लांबत गेलं, म्हणून लिहूनच काढलं.

आधी डोळ्याला आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत उजेड, नेमका कधी लागतो ते बघा. सलग रॉड जळत असताना सहसा लागत नाही, कारण तेव्हा काच तोंडापुढे असते. लागतो तो टाक्याला. उजव्या हातात होल्डर, डाव्यात स्क्रीन, मग अँगल कोण धरणार? गडी स्क्रीन बाजूला ठेवतो, डावीने अँगल दाबतो, डोळे मिटतो आणि टाका मारतो. पुष्कळदा डोळे पाव सेकंद उशिरा मिटतात किंवा लवकर उघडतात. दिवसात असे शंभर टाके झाले तर ते सगळे पाव सेकंद साठत जातात. त्रास लगेच होत नाही, सहा ते बारा तासांनी सुरू होतो. म्हणून माणूस सांच्याला जेवून झोपतो आणि रात्री दोनला डोळ्यात वाळू ओतल्यासारखा उठून बसतो. बुबुळाच्या वरचा पातळ थर अतिनील किरणांनी भाजलेला असतो. दिवस-दोन दिवसांत तो भरून येतो, पण तेवढ्यात घरचे बटाट्याची चकती ठेवतात, कुणी बाळंतिणीचं दूध घालतं. त्यापेक्षा पापणी मिटून वरून थंड ओली पट्टी ठेवा आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून पुन्हा पुन्हा घालू नका. त्यांनी दुखणं कळत नाही, पण बुबुळ भरून यायचं थांबतं.

हातातली स्क्रीन सगळ्यात स्वस्त, दीडशेच्या आसपास. उन्हाळ्यात तोंडाला वारा लागतो, मानेवर वजन नाही, गाडीखाली आडवं पडून वर बघताना कशीही धरता येते. एखादीच लांब वेल्डिंग मारायची असेल तर तिच्यात काही वाईट नाही. पण डावा हात अडकतो, आणि वरचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. शिवाय वेल्डिंगवर जमलेली खपली झाडताना तोंड उघडं. चिपिंग हॅमरच्या ठोक्याने उडालेला लाल तुकडा डोळ्यात जाणं हे आर्क लागण्यापेक्षा वाईट, कारण ते दोन दिवसांत बरं होत नाही.

काळ्या काचेचं हेल्मेट तीनशे-चारशेला मिळतं. डावा हात सुटतो, कान आणि गळ्याचा वरचा भाग झाकला जातो. अडचण अशी की काच खाली असली की काहीच दिसत नाही. रॉडचं टोक जागेवर ठेवायचं, मान झटकून हेल्मेट पाडायचं, मग आर्क पेटवायचा. मान झटकताना टोक सरकतं. नवशिक्याचा टाका अर्धा इंच पलीकडे पडतो, तो वैतागतो आणि आठवडाभरात हेल्मेट खुंटीला जातं. मी हे चार पोरांच्या बाबतीत पाहिलंय. घ्यायचंच असेल तर पुढची काळी काच वर उचलता येते आणि आत साधी काच राहते असं घ्या. खपली त्या साध्या काचेमागून झाडता येते. पन्नास-शंभर रुपये जास्त जातील, जाऊ द्या.

काचेच्या नंबरकडे मात्र आमच्याकडे कुणी बघत नाही. दुकानदार "काळी काच" म्हणून कागदात गुंडाळलेलं काहीतरी देतो. बारा नंबरच्या रॉडला, म्हणजे अडीच मिलीमीटरला, १० नंबरची काच चालते. दस नंबरच्या रॉडला, म्हणजे ३.१५ मिलीमीटरला, १० किंवा ११. आठ नंबरचा, चार मिलीमीटरचा रॉड दीडशे अँपिअरच्या पुढे ओढत असाल तर ११ किंवा १२. गोंधळ असा की रॉडचा नंबर वाढला तर रॉड बारीक होतो आणि काचेचा नंबर वाढला तर काच गडद होते. काचेवर नंबर कोरलेला नसेल तर घेऊ नका. गॅस कटिंगचा हिरवा गॉगल साधारण ५ नंबरचा असतो, आर्कसाठी त्याचा काही उपयोग नाही. बाजारातला काळा गॉगल, दोन गॉगल एकावर एक, जुना एक्स-रे, हे प्रकार तर नकोच. उजेड कमी दिसतो, त्यामुळे माणूस निवांत बघत बसतो आणि न दिसणारी किरणं आत जातच राहतात.

ऑटो काच हजाराच्या आसपास सुरू होते, चांगली चार-पाच हजारांच्या पुढे. एरवी ती ३-४ नंबरइतकीच गडद असते, म्हणजे हेल्मेट खाली असतानाही रॉडचं टोक आणि गुण्या दिसतो. आर्क पेटला की पुढचे सेन्सर ओळखतात आणि काच डोळ्याला कळायच्या आत काळी होते. चांगल्या काचांवर एक भागिले पंचवीस हजार सेकंद असा वेग लिहिलेला असतो. टाक्याच्या कामाला यासारखं दुसरं काही नाही. माझा टाका तर सरळ पडायला लागलाच, पण संध्याकाळी मानही दुखेना, कारण झटके थांबले.

बरेच जण विचारतात, "काळी झालीच नाही तर?" नियमाप्रमाणे बनवलेल्या काचेत अतिनील आणि अवरक्त किरणं अडवणारा थर कायमचा असतो, काच उजळ असो की काळी. म्हणजे ती फसली तर डोळे दिपतील, पण रात्री वाळू ओतल्यासारखं व्हायची भीती कमी. हे मात्र खऱ्या काचेबद्दल. "४/९-१३" असा आकडा (उजळ असताना ४ नंबर, काळी झाल्यावर ९ ते १३) आणि युरोपच्या ईएन ३७९ किंवा त्याच्या जागी आलेल्या ईएन आयएसओ १६३२१ मानकाची खूण काचेवरच छापलेली हवी, नुसत्या खोक्यावर नको. स्वस्तातल्या बिननावाच्या काचेत तो थर आहे की नाही हे दुकानात कळायला मार्ग नाही, आणि स्वतःच्या डोळ्यांवर तपासून बघणं म्हणजे वेडेपणा.

ती फसते कुठे तेही सांगतो. गाडीखाली किंवा चॅनेलच्या आडोशाला सेन्सर झाकले गेले की काच लुकलुकते. दोनच सेन्सर असतील तर जास्त, चार असतील तर कमी. पत्र्याच्या शेडवर मे महिन्याच्या उन्हात ती उन्हालाच आर्क समजते, किंवा सेन्सिटिव्हिटी कमी केली तर खऱ्या आर्कला उशिरा जागी होते. शेजारी दुसरा गडी वेल्डिंग मारत असेल तर त्याच्या आर्कनेही काळी होते. वरची सोलर पट्टी बघून लोक समजतात की बॅटरी नाही. बहुतेकांत आत बॅटरी असते, आणि काहींत ती बदलताही येत नाही. घेताना बॅटरीचं झाकण आहे का ते बघा.

डावा हात सुटला की एक नवीन गोष्ट सुरू होते, जी मला हेल्मेट घेतल्यावरच कळली. मोकळा हात जॉबवर, म्हणजे जोडायच्या लोखंडावर, जातो. स्क्रीन धरलेला हात निदान लोखंडापासून लांब तरी होता. आता उजव्या हातात होल्डर, डावा जॉबवर आणि अंगातून घामाच्या धारा. जुन्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर आर्क पेटलेला नसताना होल्डरवर साधारण ७०-८० व्होल्ट एसी असतो. कोरड्या कातडीला तो झिणझिण्या देतो, घामाने भिजलेल्याला जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे हेल्मेट घेणाऱ्याने त्याच दिवशी दोन्ही हातांचे कोरडे कातडी हातमोजे घ्यावेत. उजव्या हाताचा एकच मोजा घालायची आपली सवय सोडावी आणि रॉड बदलताना तर मोजा काढूच नये. मशीन नवीन घेणार असाल तर व्हीआरडी (व्होल्टेज कमी करणारी सोय) असलेलं डीसी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन बघा. आर्क नसताना ते व्होल्टेज बरंच खाली आणतं, आणि सिंगल फेजवर चालणारं मिळतं, त्यामुळे थ्री फेजची वाट बघत रात्र काढावी लागत नाही.

धुराच्या बाबतीत तिन्ही सारखीच निरुपयोगी. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगची अतिनील किरणं, दोन्ही माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली. वाऱ्याकडे पाठ करू नका, धूर तोंडाखालीच घोटाळतो. वारा बाजूने येऊ द्या. जीआय पाइप असेल तर टाक्याच्या जागेचा जस्ताचा थर आधी घासून काढा, नाहीतर रात्री थंडी वाजून ताप येतो. त्यावर आमच्याकडे गूळ खातात, दूध पितात. पोटाला बरं वाटत असेल, छातीतला धूर त्याने निघत नाही.

भाच्याला मी सांगितलं ते असं. वर्कशॉपच्या आत ट्रॉली, गाड्या, गेट, खिडक्या करणार असशील तर खूण छापलेली, चार सेन्सरची ऑटो काच घे, त्यासाठी महिनाभर थांबावं लागलं तरी थांब. तोवर काच उचलता येणारं साधं हेल्मेट वापर, आणि ऑटो आल्यावर ते विकू नकोस. शेडवर चढायचं किंवा गाडीखाली शिरायचं काम निघालं की तेच लागतं. फक्त शेडचीच कामं करणार असशील तर ऑटोच्या नादी लागू नको.

जुनी हातातली स्क्रीन मी टाकून दिलेली नाही, दारातल्या खिळ्याला असते. गाडीवाला कितीही सांगितलं तरी लांब उभा राहत नाही, त्याला स्वतःच्या गाडीवरचा टाका बघायचाच असतो. मग मी आर्क पेटवायच्या आधी ती त्याच्या हातात देतो. बघ म्हणावं, पण यातून.