टेस्टची ऑल-स्टार टीम बनवायचा गेम : यादी झकास, ऑटो-पिक भंकस

मॉडर्न प्लेअर्समधून टेस्टची बेस्ट इलेव्हन निवडायची आणि ती कॉम्प्युटरच्या टीमबरोबर पाच दिवस खेळवायची, एवढाच गेम आहे हा, पण एकदा बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. तीन स्टार देतोय, त्यातले दोन नुसते प्लेअर्सच्या यादीसाठी.

यादी खरंच दणदणीत आहे. 2001 पासून पुढे एक तरी टेस्ट खेळलेला पाहिजे असा नियम ठेवलाय, त्यामुळे अक्रम आहे, डोनाल्ड आहे, वॉल्श आहे पण अँब्रोज नाही, कारण तो 2000 मध्येच रिटायर झाला. वॉल्श-अँब्रोज या वेस्ट इंडीजच्या फास्ट बॉलर्सची जोडी अशी फोडलेली बघून कसंतरीच होतं, पण रेघ कुठेतरी मारावीच लागणार म्हणा.

डोकं फिरतं ते ऑटो-पिकवर. बटण दाबलं की पाच नंबरला कोण? अ‍ॅडम व्होजेस! आणि लारा बाहेर!! का तर व्होजेसचं अ‍ॅव्हरेज 61.87 आणि लाराचं 52.88. अरे पण तो माणूस खेळलाय 20 टेस्ट, त्याच्या एकूण 1485 रनपैकी 508 होबार्टच्या नाबाद 269 आणि वेलिंग्टनच्या 239 मधून आलेत, आणि इकडे 131 टेस्ट खेळून वर 400 नाबाद मारलेला माणूस बाकावर बसवता? प्लेअर वाईट नाही हो तो, पण निदान 50 टेस्टची अट टाकायची ना, एका फिल्टरचं तर काम आहे.

दुसरी गडबड जास्त खोल आहे आणि ती सहज लक्षात येत नाही. हा गेम प्लेअरला एकच रेटिंग देतो, मग त्याला कुठलंही काम द्या. संगकारा घ्या. 57.40 अ‍ॅव्हरेज बघून गेम त्याला कीपर करतो आणि गिलख्रिस्टला काढतो. पण संगकाराचे खरे डोंगराएवढे रन आलेत ते ग्लव्हज काढून ठेवल्यावर, तेव्हा अ‍ॅव्हरेज साठच्या बरंच वर, आणि कीपिंग करताना चाळिशीच्या आसपास. म्हणजे दोन वेगवेगळे प्लेअर आहेत ते! मी त्याला तीन नंबरला निव्वळ बॅटर म्हणून घेतला आणि सातला गिलख्रिस्ट, कारण पाच आउट झाल्यावर 82 च्या स्ट्राइक रेटने मारणारा कीपर आला की दमलेल्या बॉलर्सचं काय होतं हे आपण बघितलंय. द्रविडला बसवावं लागलं, त्यावरून घरात भांडण होऊ शकतं, मान्य आहे.

ओपनिंगचं पण तेच. कुणालाही ओपनला पाठवा, गेमला काही फरक पडत नाही. सेहवाग स्वतः ब्लोमफॉन्टेनला 2001 मध्ये सहा नंबरला येऊन सेंच्युरी मारून मग ओपनर झालेला, त्यामुळे जमतच नाही असं नाही, पण प्रत्येकाला थोडीच जमतं. एक मात्र मानलं, सेहवागला हिरव्या, म्हणजे गवत असलेल्या आणि फास्ट बॉलर्सना मदत करणाऱ्या पिचवर खेळवला की हा गेम त्याला लवकर काढतो, आणि ते खरंच आहे, साउथ आफ्रिका इंग्लंड न्यूझीलंडमध्ये त्याचं अ‍ॅव्हरेज तिशीच्या आतच होतं. म्हणून दुसऱ्या टोकाला कुक लावला, तो चिकटून बसतो.

मग हेच डोकं स्टेनच्या बाबतीत कुठे जातं? कोरडं पिच निवडलं की सगळ्या फास्ट बॉलर्सची ताकद सरसकट कमी. 2008 ला अहमदाबादला भारत 76 ला ऑलआउट झाला तेव्हा स्टेनने 5 काढलेल्या, नागपूरला 2010 मध्ये 51 रनमध्ये 7. त्याला कसलं पिच घेऊन बसलात राव.

माझी बाकी टीम म्हणजे चारला तेंडुलकर, पाचला अर्थात लारा, सहाला कॅलिस आणि बॉलिंगला वॉर्न, मुरली, स्टेन, मॅकग्रा. दोन स्पिनर परवडतात ते कॅलिसमुळेच, 13289 रन आणि वर 292 विकेट, म्हणजे तिसरा सीमर फुकटात. बुमराहला बाहेर ठेवताना जीव वरखाली झाला, 200 विकेट होऊनही अ‍ॅव्हरेज वीसच्या आत असलेला बॉलर आहे तो, पण मग काढणार कुणाला? मॅकग्राला? हात धजत नाही.

सिम्युलेशन ठीकठाक आहे, पाचव्या दिवशी बॉल वळतो, फक्त ड्रॉ जवळजवळ होतच नाही, सगळे शेवटच्या सेशनला पण वनडेसारखे मारत सुटतात. आणि टीम सेव्ह करायला जागा एकच दिलीये, नवीन बनवली की जुनी उडते, तेव्हा आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.