दुप्पट गोळ्यांनीही जळजळ थांबत नसेल तर: इंदूरकरांसाठी २४ तासांच्या पीएच-इम्पिडन्स तपासणीचं परीक्षण

सकाळी पँटोप्राझोल ४०, रात्री पुन्हा पँटोप्राझोल ४०, सोबत डोमपेरिडोन, उशाशी गुलाबी औषधाची बाटली. एवढं करूनही छाती जळते आणि आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं. दोन महिने असंच चाललं असेल, तर आणखी एक गोळी मागण्याआधी ही तपासणी करून घ्यावी: नाकातून घातलेली बारीक नळी २४ तास अन्ननलिकेतलं आम्ल (पीएच) आणि जठरातून वर येणारा द्रव (इम्पिडन्स) मोजते. आमच्याकडून तिला ५ पैकी ४ गुण. एक गुण का कापला ते पुढे येईलच.

त्याआधी एक फुकटातली तपासणी घरीच करा: पँटोप्राझोलची, म्हणजे आम्ल कमी करणारी, गोळी नेमकी कधी घेता? आपल्याकडे आधी चहा, मग पोहे-जलेबी आणि डबा भरताना आठवलं की गोळी. दुसरं टोकही दिसतं: सकाळी ६ ला गोळी आणि पहिला घास साडेदहाला. दोन्ही वाया. जठरातले आम्लाचे पंप जेवणाने चालू होतात, आणि ही गोळी चालू असलेलेच पंप बंद करू शकते. रक्तात ती फार वेळ टिकतही नाही. म्हणून जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं हीच तिची वेळ, आणि दुसरी गोळी झोपताना नव्हे, रात्रीच्या जेवणाआधी. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘औषधाला दाद न देणारी जळजळ’ म्हणून ३६६ जण त्यात पाठवले गेले होते. ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम (पँटोप्राझोलच्याच जातीची गोळी) दिवसातून दोनदा, नीट सांगून २ आठवडे दिल्यावर त्यांतल्या ४२ जणांची जळजळ थांबली. आणखी ९९ जणांची जळजळ मुळात आम्ल वर येण्यामुळे नव्हतीच. हे ९९ जण ओळखता आले ते अशाच तपासणीमुळे.

दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, आधी व्हायला हवी. तीत अन्ननलिकेला लॉस एंजेलिस श्रेणीतल्या बी, सी किंवा डी दर्जाच्या जखमा दिसल्या, तर आम्ल वर येण्याचा आजार सिद्ध झाला. घास अडकत असेल तर त्याच वेळी अन्ननलिकेचे किमान ६ तुकडे बायोप्सीसाठी घ्यायला सांगा, कारण इओसिनोफिलिक दाह (इओसिनोफिल नावाच्या पेशींमुळे येणारी अन्ननलिकेची सूज) नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. वजन घटणं, काळी शौच, रक्ताची उलटी असेल तर वाट न पाहता डॉक्टर गाठा. चढ चढताना छाती भरून येत असेल तर आधी हृदय तपासा.

आता मुख्य तपासणी. इथे पहिला प्रश्न गोळ्या बंद करून करायची की चालू ठेवून, आणि बऱ्याच वेळा गडबड इथेच होते. आजार अजून सिद्ध नसेल तर गोळ्या ७ दिवस बंद ठेवून. आजार आधीच सिद्ध असेल आणि गोळी का पुरत नाही एवढंच पाहायचं असेल, तर गोळ्या चालू ठेवून. हे न ठरवता तारीख घेतली तर अहवाल हातात येतो आणि उत्तर मिळत नाही. बंदच्या ७ दिवसांत जळजळ उसळते, त्याची तयारी ठेवा. मधल्या दिवसांत काय चालेल आणि फॅमोटिडिन, अँटासिड यांसारखी आम्लावरची इतर औषधं कधी थांबवायची, हे केंद्राकडून लिहून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका.

त्या दिवशी सुमारे ६ तास उपाशी जायचं. आधी मॅनोमेट्री होते: नाकात बधिर करणारी जेल लावून दाब मोजणारी नळी जठरापर्यंत सोडतात आणि आडवं झोपवून ५ मिलिलिटर पाण्याचे १० घोट एकेक करून गिळायला लावतात. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप नेमकी कुठे आहे ते यातून कळतं. अकॅलेशियासारखा अन्ननलिकेच्या हालचालीचा आजारही यातच पकडला जातो. त्याची जळजळ पित्ताच्या गोळीने जाणार नाही. मग ती नळी काढून दुसरी, जाड शेवेएवढी, नाकातून घालतात. तिचा पीएच मोजणारा बिंदू झडपेच्या वरच्या कडेपासून ५ सेंटिमीटर वर बसवतात, नळी गालावर चिकटवून कानामागून आणतात आणि रेकॉर्डर कमरेला किंवा खांद्याला लटकवतात. झडपेची जागा अंदाजाने धरली तर पुढचे सगळे आकडे डळमळतात. ‘मॅनोमेट्री नको, खर्च वाचेल’ असं कुणी म्हटलं तर मान्य करू नका.

घरी गेल्यावर खरं काम तुमचं. रेकॉर्डरवर जेवण, आडवं होणं आणि त्रास यांची बटणं असतात. त्रासाचं बटण जळजळ सुरू होताच दाबा, हातातलं काम संपवून नव्हे. त्रासाच्या आधीच्या २ मिनिटांत आम्ल वर आलं असेल तरच यंत्र दोघांचा संबंध जोडतं. ५ मिनिटं उशीर झाला की खरा संबंध अहवालातून गळतो. वहीत वेळ लिहिताना रेकॉर्डरवरचं घड्याळ पाहा, मोबाइलवरचं नको. आंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचं.

त्या दिवशी मुगाची खिचडी खाऊन पडून राहण्याचा मोह होतो. तसं केलंत तर अहवाल खिचडीचा येईल, आजाराचा नाही. नेहमीचंच खा. सकाळी पोहे-जलेबी खात असाल तर तीच, आणि रात्री दहाला सराफ्यात गराडू नि भुट्ट्याचा कीस खाऊन बाराला आडवं होण्याची सवय असेल तर तेही होऊ द्या; तेलकट, उशिराचं जेवण आणि लगेच झोप यांनी झडप कशी वागते हेच मोजायचं आहे. पाळायचं ते एवढंच: लिंबू सरबत, सोडा, ताक जेवणाच्या वेळेतच संपवा. विश्लेषणात जेवणाचा काळ वगळतात, पण दिवसभर घोट घोट घेतलेलं आंबट पेय यंत्राला वर आलेल्या आम्लासारखं दिसू शकतं. आपली इंदुरी शिकंजी दुधाची, घट्ट असते. तीही पेय म्हणून नव्हे, खाणं म्हणून नोंदवा. च्युइंगम आणि चघळायच्या गोळ्या त्या दिवशी बंद.

अहवालात नुसता डीमीस्टर स्कोअर (आम्लाच्या अनेक मोजमापांचा मिळून एक आकडा) देऊन कुणी मोकळं झालं तर समाधान मानू नका. मुख्य आकडा म्हणजे अन्ननलिकेत पीएच ४ च्या खाली किती टक्के वेळ राहिला. गोळ्या बंद असताना ४ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, ६ च्या वर असेल तर आजार नक्की. मधल्या पट्ट्यात जठरातला द्रव एकूण किती वेळा वर आला हे पाहतात: ४० च्या आत सामान्य, ८० च्या वर जास्त. जोडीला त्रास आणि ओघ (म्हणजे हे द्रव वर येणं) यांचा संबंध. इम्पिडन्सचा खरा उपयोग इथे होतो: गोळीने आम्ल मरतं, पण जठरातला पातळ ओघ वर येणं थांबत नाही. तो आम्लरहित ओघही ही नळी पकडते, नुसतं पीएच यंत्र पकडत नाही. वारंवार ढेकर देणाऱ्यांमध्ये हवा वरून आत ओढून लगेच बाहेर टाकण्याची सवय असेल, तर तीही आलेखात दिसते. तिच्यावर उपाय पोटाने श्वास घेण्याच्या सरावाचा, गोळ्यांचा नाही.

उपचार यावरच ठरतात. गोळ्या चालू असूनही आम्ल जास्त असेल, तर डॉक्टर वोनोप्राझान २० मिलिग्रॅम या आम्ल कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाचा विचार करू शकतात. त्याला जेवणाच्या वेळेचं बंधन नाही. ओघच जास्त असेल तर जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेट (जठरातल्या अन्नावर तरंगता थर करणारं औषध), क्वचित बॅक्लोफेन (झडप उगाच सैल पडणं कमी करणारं). बॅक्लोफेनने गुंगी येते, गाडी चालवणाऱ्यांनी हे आधी सांगावं. आम्ल सामान्य आणि त्रासाशी संबंधही नाही, तर दोष अन्ननलिकेच्या नसांच्या हळवेपणात आहे. तिथे रात्री १० ते २५ मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिनसारखं औषध उपयोगी पडू शकतं, आणि पित्ताची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करता येते. ‘सगळं नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत’ असं घरच्यांनी म्हणू नये. जळजळ खरीच असते, फक्त कारण वेगळं असतं.

शस्त्रक्रियेचा निर्णय तर या आकड्यांशिवाय घेऊच नये. वर सांगितलेल्या अभ्यासात अशा तपासण्यांतून गाळून निवडलेल्या ७८ जणांत, वर्षभराने शस्त्रक्रियेच्या गटात ६७ टक्के आणि औषधांच्या गटात २८ टक्के लोकांना ठरवलेल्या निकषाइतका आराम पडला. तपासणीविना सरसकट शस्त्रक्रिया केली तर हा ६७ चा आकडा तुम्हाला लागू होत नाही.

कापलेला एक गुण दोन कारणांनी. नळीने घसा खवखवतो, नाक वाहतं, म्हणून लोक कमी खातात, कमी फिरतात आणि आकडे खाली येतात. दुसरं, एका दिवसाचं मोजमाप प्रत्येक दिवसाचं नसतं. अन्ननलिकेला चिकटवायची बिनतारी कॅप्सूल ९६ तासांपर्यंत मोजते आणि नाकात काही राहत नाही. आजार सिद्ध नसेल आणि ती मिळत असेल तर तिला पहिली पसंती द्यावी. मात्र ती आम्लरहित ओघ मोजत नाही.

इंदूरच्या प्रत्येक रुग्णालयात हे यंत्र असेलच असं धरू नका. फोनवर चार गोष्टी विचारा: इम्पिडन्स आहे की फक्त पीएच, मॅनोमेट्री सोबत होते का, सांगितलेल्या पैशांत नळीचा खर्च धरला आहे का, आणि आलेख डॉक्टर स्वतः तपासतात की संगणकाची मोजणी तशीच छापून देतात. संगणक ओघांची संख्या बऱ्याचदा जास्त मोजतो, म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं तर दुसरं केंद्र पाहा.